प्लगचे आटे गेले? हेड लगेच भंगारात देऊ नका!



फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी एकदा तरी टॅप मारलेला आहे. एमएसची चौकोनी प्लेट, त्यात ड्रिल, मग एकामागून एक तीन टॅप, जर्नलमध्ये आकृती आणि सरांची सही. सही मिळाली की टॅपिंग हा विषय आपल्यापुरता संपतो. पण हाच टॅप एखाद्याच्या पोटापाण्याच्या गाडीच्या इंजिनात मारायची वेळ आली तर? तिथे जॉब बिघडला म्हणून स्टोअरमधून दुसरी प्लेट मागता येत नाही.

प्रस्तुत लेखात मी अशाच एका कामाबद्दल लिहिणार आहे. पेट्रोल इंजिनाच्या हेडमधले स्पार्क प्लगचे आटे जातात तेव्हा नेमकं काय होतं, ते का जातात आणि पुन्हा कसे बसवतात? पुस्तकात ज्याला थ्रेड म्हणतात त्याला आपल्याकडे आटे म्हणतात, आणि बीडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये गेलात तर 'चुडी'. तिन्ही शब्द एकच, तेव्हा गोंधळू नका.

प्लग कशावर उभा असतो?

आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टर, ट्रक, काळी-पिवळी जीप ही बहुतेक सगळी डिझेलवाली. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. प्लगचा संबंध येतो तो मोटारसायकली, मारुती ८००, ओम्नी, इको अशा पेट्रोल आणि गॅसवरच्या गाड्यांशी. त्यामुळे डिझेलच्या मोठ्या नट-बोल्टांवर ज्यांचा हात बसलेला आहे ते मिस्त्री प्लगही त्याच जोराने आवळतात, असं पुष्कळदा दिसतं.

मारुती ८०० आणि ओम्नी यांचं ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन एकाच घराण्यातलं. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. तरी खेड्यापाड्यांत या गाड्या अजून पळताहेत. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. जुन्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं हेड बिडाचं होतं, ते बराच अत्याचार सहन करायचं. ॲल्युमिनियम हलकं, उष्णता पटकन वाहून नेणारं, पण मऊ. प्लगचं शरीर मात्र पोलादी. मऊ आट्यांत कडक आटे फिरले की झीज कोणाची होणार हे सांगायला मटेरियल सायन्सचा पेपर द्यायची गरज नाही.

बहुतेक गाड्यांच्या प्लगचा व्यास १४ मिमी आणि पिच १.२५ मिमी असतो. आट्यांची लांबी, म्हणजे रीच, साधारण १२.७ किंवा १९ मिमी. १९ ला १.२५ ने भागलं की १५ आटे येतात. या पंधरा आट्यांना तीन कामं करावी लागतात. एक, प्लग धरून ठेवणं. दोन, वॉशर दाबून ठेवून गॅस अडवणं. तीन, प्लगची उष्णता हेडमध्ये आणि तिथून पाण्यात पोचवणं. हे तिसरं काम आपण विसरतो. आटे ढिले झाले की प्लग थंड होत नाही, त्याचं टोक लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू लागतं.

दोष स्फोटाचा की पान्याचा?

मला आधी वाटायचं, सिलेंडरमध्ये एवढे स्फोट होतात, त्या दणक्यानेच आटे जात असतील. म्हणून एक साधं गणित करून पाहिलं.

साध्या पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा सर्वाधिक दाब ५० बार, म्हणजे ५ न्यूटन प्रति चौरस मिमी धरू. १४ मिमी व्यासाचं क्षेत्रफळ १५४ चौरस मिमी. म्हणजे प्लगला बाहेर ढकलणारा जोर सुमारे ७७० न्यूटन, अंदाजे ७८ किलो. मोठा वाटतो ना? आता पान्याकडे बघा. १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगसाठी ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो. मशीन डिझाइनमधलं आपलं सूत्र घ्या. ताण म्हणजे टॉर्क भागिले ०.२ गुणिले व्यास. २५ भागिले ०.२ गुणिले ०.०१४. उत्तर येतं जवळपास ८,९०० न्यूटन, म्हणजे ९०० किलो!

म्हणजे नियमात बसवलेल्या प्लगच्या आट्यांवर पान्याचा भार हा स्फोटाच्या भाराच्या अकरा-बारा पट असतो. तो तसा असायलाच हवा, नाहीतर दर स्फोटाला वॉशर उघडेल. पण आता समजा कोणी पान्यात पाइप घालून अर्ध्या मीटरवर २५ किलोचा जोर दिला. टॉर्क झाला सुमारे १२० न्यूटन-मीटर, म्हणजे जवळपास पाचपट. आट्यांवरचा भार चार टनांच्या पुढे. आणि हा भार पंधरा आट्यांत सारखा वाटला जात नाही. वॉशरकडच्या पहिल्या तीन-चार आट्यांवरच निम्म्याहून जास्त येतो. त्यातून प्लग तिरका चढलेला असला आणि दोन-तीनच आटे गुंतलेले असले, तर ॲल्युमिनियम सोलून निघणारच.

थोडक्यात, दोष स्फोटाचा नाही, पान्याचा. आटे इंजिन चालताना जात नाहीत, ते प्लग बसवताना जातात. चालताना फक्त आपल्याला कळतं.

आटे जायची कारणं

१. तिरका प्लग. पहिले दोन-तीन वेढे हाताने न फिरवता थेट पाना लावला की प्लग वाकडा चढतो. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. जागा अडचणीची, नीट दिसत नाही, म्हणून तिथे हे जास्त होतं.

२. जास्त आवळणं. वर गणित आलंच आहे.

३. धूळ. आपल्याकडचे रस्ते आणि उन्हाळा सर्वांना ठाऊक आहेत. प्लगच्या खड्ड्यात साचलेली बारीक वाळू प्लग काढताना आट्यांत उतरते आणि सॅन्डपेपरचं काम करते.

४. चुकीची लांबी. १९ मिमीच्या भोकात १२.७ मिमीचा प्लग बसतो, गाडी चालतेही. पण खालचे उघडे आटे कार्बनने भरतात. पुढे कोणी बरोबर लांबीचा प्लग लावला की तो त्या कार्बनमध्ये अडकतो, आणि माणूस जोर लावतो.

५. गरम इंजिन. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. गरम हेड मऊही असतं. म्हणून प्लग काढणं-घालणं थंड इंजिनावरच करावं.

आटे किती गुंतलेत याला किती महत्त्व आहे, याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं. फोर्डच्या १९९० च्या दशकाअखेरच्या काही ट्रायटन व्ही-८ इंजिनांत प्लग धरायला हेडमध्ये मोजकेच आटे होते. त्यांतले प्लग चालत्या गाडीत उडून बाहेर आल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की तिथे फक्त हीच दुरुस्ती करणाऱ्या किटचा बाजार उभा राहिला.

ओळखायचं कसं?

प्लग आवळताना शेवटी जो 'कट्ट' असा घट्टपणा लागतो तो लागत नाही, प्लग फिरतच राहतो. काढलेल्या प्लगच्या आट्यांत चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली दिसते. ती तार म्हणजेच तुमच्या हेडचे आटे! इंजिन चालू असताना फुस-फुस आवाज येतो, प्लगच्या बुडाशी काळं तेलकट वर्तुळ दिसतं, एक सिलेंडर मार खातं. खात्री करायची असेल तर बुडाशी साबणाचं पाणी टाकावं. बुडबुडे आले की निदान पक्कं.

एक ओम्नी आणि तीन सल्ले

दिवाळीच्या सुट्टीत मी बीडमधल्या एका गॅरेजमध्ये रोज जाऊन बसत होतो. तिथे केजकडच्या एका काकांची ओम्नी आली. शाळेच्या पोरांची ने-आण करणारी गाडी. मधल्या सिलेंडरचे आटे गेलेले. येण्याआधी ते दोन ठिकाणी दाखवून आले होते. एकाने प्लगला तांब्याची तार गुंडाळून बसवून दिला होता, तो आठवडाभरात ढिला झाला. दुसऱ्याने सरळ हेड बदला म्हणून सांगितलं.

काका म्हणाले, "मिस्त्री, हेड बदला म्हनायलेत. सुट्ट्या संपल्या की लेकरांची शाळा सुरू. एवढा पैसा आत्ता कुठून आणू?"

मिस्त्रींनी बॅटरी मारून भोकात बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हेड नाही बदलायचं. पण तार गुंडाळून बी लेकरांची गाडी सोडायची नाही. नीट करू."

त्या वाक्यात मला सगळं इंजिनिअरिंग दिसलं. स्वस्त पण धोक्याचं नको, सुरक्षित पण न परवडणारंही नको. मधला रस्ता शोधायचा आणि तो पक्का करायचा.

दुरुस्तीचे मार्ग

पहिला मार्ग, आटे साफ करणं. वरचेच एक-दोन आटे दबले असतील आणि खालचे शाबूत असतील तर १४ गुणिले १.२५ चा टॅप ग्रीस लावून हाताने हळू फिरवतात. मात्र दबलेल्या तोंडावरून टॅप तिरका शिरला तर उरलेले आटेही जातात. यात नवीन धातू येत नाही, म्हणून सोलून निघालेल्या आट्यांना हा इलाज नाही.

दुसरा मार्ग, हेलीकॉइल. ही स्टेनलेस स्टीलच्या चौकट आकाराच्या तारेची स्प्रिंग असते. भोकात मोठ्या व्यासाचे, पण त्याच पिचचे आटे पाडायचे आणि त्यात ही स्प्रिंग चढवायची. स्प्रिंगच्या आतल्या बाजूला पुन्हा मूळ १४ मिमीचे आटे मिळतात. त्यासाठीच्या खास टॅपचा बाहेरचा व्यास म्हणजे मूळ व्यास अधिक १.३ गुणिले पिच, म्हणजे साधारण १५.६ मिमी. भोक फार मोठं होत नाही, हा याचा फायदा. तोटा असा की याला कॉलर नसते, आणि पुढच्या वेळी प्लग काढताना कधीकधी स्प्रिंगही प्लगबरोबर बाहेर येते. शिवाय ती चढवण्यासाठी टोकाला जी छोटी जीभ असते ती नंतर मोडून काढावी लागते. ती सिलेंडरमध्ये पडली तर नवीनच संकट.

तिसरा मार्ग, कॉलरवाला बुश. आतून १४ चे आटे, बाहेरून मोठे आटे आणि वर पातळ कॉलर. परदेशात याचे तयार किट मिळतात. आपल्याकडे चांगला टर्नर लेथवर बनवून देतो. वॉशर या कॉलरवर बसतो, त्यामुळे बुश बाहेरही येत नाही आणि आतही सरकत नाही.

चौथा मार्ग, टिग वेल्डिंगने भोक भरून पुन्हा ड्रिल आणि टॅप. हे हेडला तडा असेल तेव्हा. उष्णतेने हेड वाकू शकतं, म्हणून नंतर सरफेस तपासावा लागतो.

आमच्या गॅरेजला हेलीकॉइलचं किट बीडमध्ये मिळालं नाही. छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. शिवाय आधीच्या तार-प्रयोगात भोक इतकं खराब झालं होतं की १५.६ मिमीला स्वच्छ आटे पडतील याची खात्री नव्हती. म्हणून बुश ठरला.

१६ चा बुश का नाही?

इथे मी तोंड उघडलं. "मामा, बाहेरून १६ चे आटे घेतले तर हेड कमी कापावं लागेल ना?"

मिस्त्री हसले. "करून बघ वहीत. बुशची भिंत किती ऱ्हाती ते सांग."

मी बसलो वही घेऊन. १६ मिमी व्यास आणि १.५ पिच घेतलं तर बाहेरच्या आट्यांच्या तळाचा व्यास म्हणजे १६ वजा १.२३ गुणिले १.५, साधारण १४.१६ मिमी. आतल्या आट्यांचा मोठा व्यास १४ मिमी. फरक ०.१६, म्हणजे एका बाजूला भिंत उरली ०.०८ मिमी. कागदाएवढी! असा बुश लेथवरच फाटेल. आता १८ गुणिले १.५ घ्या. तळाचा व्यास १६.१६, भिंत १.०८ मिमी. हे चालतं. त्यासाठी ड्रिल १६.५ मिमीचं. मिस्त्रींनी कधी सूत्र लिहिलं नसेल, पण '१४ ला १८ चा बुश' हे उत्तर त्यांच्याकडे पाठ होतं.

पण १८ चं भोक पाडायला हेडमध्ये जागा हवी. एका बाजूला व्हॉल्व्ह सीट, दुसरीकडे पाण्याचा मार्ग. म्हणून हेड उतरवून खालून बघितल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही.

धातूचा प्रश्नही आहेच. ॲल्युमिनियमचा प्रसरण गुणांक अंदाजे २३, पितळेचा १९, पोलादाचा १२, हे सगळे दशलक्षांश प्रति अंश सेल्सिअस. हेड १५० अंशांनी तापलं तर १८ मिमीच्या पोलादी बुशभोवती सुमारे ०.०३ मिमी सैलपणा येतो, पितळी बुशभोवती ०.०१ मिमी. म्हणून आम्ही पितळ घेतलं. उष्णताही ते पोलादापेक्षा चांगली वाहून नेतं.

काम कसं झालं?

हेड न उतरवताही हे काम करणारे आहेत. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं म्हणजे बुरादा त्याला चिकटतो, पिस्टन खाली घ्यायचा, शेवटी बारीक नळीने ओढून घ्यायचं. मी तेच सुचवलं, तेव्हा उत्तर मिळालं, "हेड जर्मनचं हाय बाळा, घरातल्या पातेल्यावानी. बुरादा मऊ असला तरी सिलेंडरला ओरखडे पाडतोच. दोन तास वाचवायला जाशील आन इंजिन घालवशील." आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, हे वाचकांना सांगायला नको.

हेड उतरवलं. धुऊन, पुसून ड्रिल मशीनच्या टेबलावर पॅकिंग देऊन असं बांधलं की प्लगची बैठक अगदी आडवी आली. प्लगचं भोक हेडमध्ये तिरकं असतं, त्यामुळे खरी कसरत इथेच. मग १६.५ चं ड्रिल, कॉलरसाठी वर १.५ मिमी खोल बैठक, आणि १८ चा टॅप. रॉकेलचे थेंब टाकत अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. पहिले दोन वेढे टॅप हाताने न धरता मशीनच्या चकमध्ये धरून, चक हाताने फिरवून घेतले, म्हणजे रेषा चुकत नाही.

कॉलरची जाडी आणि बैठकीची खोली सारखी ठेवणं महत्त्वाचं. कॉलर वर राहिली तर प्लग तेवढा वर राहतो आणि ठिणगीची जागा बदलते. बुश खाली लांब झाला तर त्याची धार ज्वलनकक्षात लोंबते, तापून लाल होते आणि मिश्रण अवेळी पेटवते. म्हणून बुश खालच्या बाजूने हेडच्या पृष्ठभागाशी घासून सपाट केला. आट्यांना जास्त तापमान सोसणारं लॉकिंग कंपाउंड लावून तो बसवला, आणि खालून दोन ठिकाणी हलका पंच मारला. मग हेड पुन्हा धुतलं, हवा मारली, नवीन हेड गॅस्केट टाकून बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने टॉर्क रेंचवर आवळले.

शेवटी तिन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, जवळजवळ सारखं भरलं. इंजिन गरम करून साबणाचं पाणी टाकलं, एकही बुडबुडा नाही. काकांना खर्च नवीन हेडच्या मानाने बराच कमी आला आणि शाळा उघडायच्या आत गाडी केजला गेली.

हे मात्र करू नका

आट्यांवर टेफ्लॉन टेप, तार, डब्याचा पत्रा गुंडाळू नका. एपॉक्सी भरू नका, त्या तापमानाला ते मऊ पडतं. हे उपाय प्लग धरूनही ठेवत नाहीत आणि त्याची उष्णताही अडवतात. प्लग उडाला तर गरम वायूचा झोत सीटखाली, पेट्रोलच्या पाइपाजवळ निघतो. ज्या गाडीत माणसं बसतात तिच्यात हा खेळ नको.

आणि मुळात आटे जाऊच नयेत म्हणून?

थंड इंजिन. प्लग काढायच्या आधी खड्ड्यात हवा मारा, कंप्रेसर नसेल तर सायकलचा पंप चालतो. नवीन प्लग जुन्याशेजारी धरून लांबी जुळवा. हात पोचत नसेल तर प्लगच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून त्याने फिरवा. प्लग तिरका लागला तर नळी घसरते, जोर बसतच नाही. वॉशर टेकेपर्यंत फक्त हाताने. त्यानंतर पाना. वॉशरवाला नवा प्लग असेल तर अर्धा वेढा, तोच जुना प्लग परत बसवत असाल तर साधारण बारावा हिस्सा वेढा. टॉर्क रेंच असेल तर १४ मिमीला २५ ते ३० न्यूटन-मीटर, मोटारसायकलच्या १० मिमीच्या प्लगला फक्त १० ते १२. हे आकडे कोरड्या आट्यांसाठी आहेत. तेल किंवा ग्रीस लावलं तर त्याच टॉर्कला ताण वाढतो.

२५ न्यूटन-मीटर म्हणजे किती, हे एकदा हाताला कळू द्या. २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे १३ किलो. त्यापुढे अंगात कितीही जोर असला तरी तो आवरायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये टॉर्क रेंच कपाटात पडून आहे. एखाद्या दुपारी तो काढा, एक भंगार हेड आणि जुना प्लग घ्या, आणि डोळे मिटून आवळून बघा. मग काट्यावरचा आकडा वाचा. आपला हात किती खोटं बोलतो ते लगेच समजेल.